सापाचा आडोसा, फ्रान्सचा प्रयोग आणि अकोल्याचा मे महिना

"आडोसा नाकारला." माझ्या नोंदवहीत मे महिन्यातल्या एका पानावर हे दोन शब्द नऊ वेळा, एकाखाली एक लिहिलेले आहेत. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, दर तासाला एक नोंद. साप म्हणजे एक धामण, शेताच्या कुंपणाच्या नायलॉन जाळीत अडकून सोललेली. ठिकाण म्हणजे अकोल्याकडचं एक उपचार केंद्र. आणि आडोसा म्हणजे मी मोठ्या हौसेने तयार केलेलं एक काळं प्लास्टिकचं घमेलं, उपडं ठेवून काठाला कमानीसारखं दार कापलेलं. परदेशी पुस्तकांत सांगितलं तसंच. धामण दिवसभर पाण्याच्या भांड्याला विळखा घालून पडून होती, घमेल्याकडे फिरकलीसुद्धा नाही.

मी निष्कर्ष काढायच्या तयारीत होते, की धामण हा दिवसा हिंडणारा, उघड्यावर शिकार करणारा साप आहे, त्याला आडोशाची तेवढी गरज नसावी. वाक्य छान होतं, प्रबंधात शोभलं असतं. तिथे झाडलोट करणारे काकाजी माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "मॅडम, त्याच्यात हात त घालून पाहा एकदा. भट्टी हाये ते. साप काहून जाईन त्याच्यात?"

हात घातला. वर टिनाचं छत, पश्चिमेच्या जाळीतून येणारं ऊन, आणि त्या उन्हात काळं प्लास्टिक. खरंच भट्टी होती.

आज ज्या शोधनिबंधाबद्दल लिहायचं आहे तो मी या प्रकाराआधी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा अर्धाच समजले होते, म्हणून ही स्वतःची फजिती आधी सांगितली. निबंध २०१३ सालचा, 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायोलॉजी'मध्ये आलेला. लेखक झेव्हिए बोने आणि त्यांचे दोन सहकारी. साप म्हणजे युरोपातला ॲस्प व्हायपर, आपल्या घोणशीचा लांबचा नातेवाईक. प्रश्न अगदी साधा: कोंडलेल्या सापाला लपायला जागा दिली नाही तर त्याच्या शरीरात नेमकं काय होतं?

हा प्रश्न कोणी विचारण्याचं कारण काय, असं तुम्हाला वाटेल. सापाला लपायला जागा लागते हे आपल्या आजीलाही माहीत होतं. पऱ्हाटीच्या ढिगात, कुटारात, गोवऱ्यांच्या कलवडात, कवेलूंच्या फटीत साप असतो म्हणूनच तर ती हात घालण्याआधी काठी आपटायची. पण "लागते" म्हणजे काय? आवडते, की नसल्यास बिघाड होतो? प्राणिसंग्रहालयात, विषसंकलन केंद्रात, उपचार केंद्रात साप ठेवणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळायला हवा, कारण आडोसा दिला की साप दिसत नाही, आणि साप दिसत नसेल तर बघायला आलेले लोक नाराज होतात, डॉक्टरला जखम तपासता येत नाही, झाडणाऱ्याला भीती वाटते. आडोसा काढून टाकायला प्रत्येकाकडे कारण असतं.

बोने यांच्या गटाने तीन-चार गोष्टी एकमेकींत मिसळून पाहिल्या. काही सापांना आडोसा दिला, काहींना नाही. काहींना ऊब मिळण्याची सोय, काहींना नाही. काही खाल्लेले, काही उपाशी. काहींवर शत्रूचा खोटा हल्ला. आणि मग मोजलं काय? साप किती वेळ ऊब घेत पडतो, खाल्लेलं किती वेळात आणि किती पचतं, उलटून टाकतो का, आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन किती आहे. हे संप्रेरक ताणाचा एक निर्देशक म्हणून धरतात.

पहिला निकाल असा की आडोसा नसलेले साप कितीतरी जास्त वेळ ऊब घेत पडले आणि त्यांचं शरीर जास्त तापलेलं राहिलं. उपाशी सापसुद्धा. इथे थोडं थांबायला हवं. उपाशी सापाच्या दृष्टीने थंड राहणं फायद्याचं असतं, कारण शरीराचं तापमान १० अंशांनी वाढलं की चयापचय ढोबळमानाने दोन ते तीन पट होतो. म्हणजे रिकाम्या पोटी तापत पडणं म्हणजे साठवलेली चरबी जाळणं. शहाणा साप अशा वेळी सांदीत जाऊन गार पडतो. सांदच नसेल तर? तर त्याचा हिशेब चुकतो.

दुसरा निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसता आडोसा नसला, पण ऊब मिळत असली, तर कॉर्टिकोस्टेरॉनची मूळ पातळी वाढली नाही. नुसती ऊब नसली, पण आडोसा असला, तरी वाढली नाही. आडोसाही नाही आणि वातावरणही थंड, अशा दोन उणिवा एकत्र आल्या तेव्हा ती एकदम चढली, आणि पचनही खालावलं. लेखक याला उंबरठा म्हणतात. एक गैरसोय साप रिचवतो, दुसरी आली की उंबरठा ओलांडला जातो.

निबंध उत्तम आहे हे आधी मान्य करते. सापांच्या संगोपनावर लिहिलेल्या बऱ्याच मजकुरात "आमच्या अनुभवानुसार" याच्या पलीकडे पुरावा नसतो, तिथे इथे रक्ताची तपासणी आहे, पचनाचा हिशेब आहे, आणि घटक वेगवेगळे करून पाहण्याची शिस्त आहे. माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. एक निबंधाबद्दल, दुसरी तो वाचण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल.

निबंधाबद्दलची आधी. आडोसा नसलेला साप उबेच्या जागी पडून आहे याला "ऊब घेणं" म्हटलं की त्यात सापाची इच्छा गृहीत धरली जाते. रिकाम्या खोक्यात ज्याला जायला जागाच नाही, तो कुठेतरी पडणारच. त्यातली एक जागा उबेची आहे, तर तिथे पडणं ही निवड आहे की निवड संपल्यावर उरलेली जागा? वागणुकीला नाव देताना आपण तिचं कारणही परस्पर देऊन टाकतो. माझ्या नोंदवहीतलं "आडोसा नाकारला" हे त्याच जातीचं वाक्य होतं. धामणीने नाकारलं होतं ते तापलेलं प्लास्टिक. मी तिला सावली आणि गारवा यांतलं एकच निवडायला लावलं होतं आणि वर तिच्या निवडीला तिचा स्वभाव म्हणून मोकळी झाले होते.

याबाबतीत १९८७ सालचा एक जुना निबंध मला आवडतो. अमेरिकेतल्या डेव्हिड चिझार आणि सहकाऱ्यांचा, 'झू बायॉलॉजी'मधला, आफ्रिकेतल्या लाल थुंकणाऱ्या नागांवरचा. त्यात आडोशाचे दोन गुण वेगळे काढून विचारले आहेत: अंधार आणि स्पर्श. साप आडोशात जातो तो काळोखासाठी, की अंगाला चहूकडून काहीतरी टेकतं म्हणून? नुसती ही विभागणी डोक्यात ठेवली तरी आपल्याकडची बरीच भांडी वेगळी दिसायला लागतात. आपल्या भागात मला या यादीत तिसरा गुण घालावा लागतो, तापमान.

आता वाचण्याच्या पद्धतीबद्दल. हा निबंध आणि त्याभोवतीचं जवळजवळ सगळं संगोपन-साहित्य थंड देशांत लिहिलेलं आहे. तिथली मूळ अडचण ऊब पुरवण्याची. म्हणून तिथला आडोसा प्लास्टिकचा, बंदिस्त, ऊब धरून ठेवणारा, खाली तापपट्टी. तिथे तो बरोबरच आहे. आपण मात्र त्यातलं चित्र उचलतो आणि कारण तिथेच सोडून येतो. अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक सापांना शरीराचं तापमान चाळिशीच्या वर गेलेलं फार वेळ सोसत नाही. हे प्राणी घाम गाळत नाहीत, त्यांच्याकडे मुख्य उपाय एकच, जागा बदलणं. म्हणजे वऱ्हाडात "आडोसा नाही" आणि "गारवा नाही" या उणिवा बहुतेक वेळा जोडीनेच येतात, कारण रानात गारवा आडोशातच असतो: बिळात, धुऱ्यावरच्या दगडांखाली, विहिरीच्या कपारीत. बोने यांनी ज्या दोन गोष्टी प्रयोगासाठी कष्टाने वेगळ्या केल्या, त्या इथे उन्हाळ्यात वेगळ्या होतच नाहीत. निबंधातून इकडे आणण्यासारखं काही असेल तर तो उंबरठा, घमेलं नव्हे. अर्थात त्यांचा उंबरठा थंडीच्या बाजूने मोजलेला आहे, उष्णतेच्या बाजूने तो कुठे येतो हे इथेच मोजावं लागेल. पण तोपर्यंत "एक उणीव साप सहन करतो" या वाक्याच्या आधारावर कोणी इथे आडोसा काढून टाकत असेल तर मला ते धोक्याचं वाटतं.

आणि लोक काढून टाकतात. पकडलेला साप आपल्याकडे सर्रास कशात ठेवतात? बिस्किटांच्या नाहीतर फरसाणाच्या पारदर्शक बरणीत, झाकणाला तापलेल्या खिळ्याने पाडलेली भोकं. चिझार यांच्या विभागणीने पाहा. बरणीत स्पर्श आहे, अंधार अजिबात नाही, आणि तापमान तर बरणी जिथे ठेवाल तिथलं, वरून काचघराचा परिणाम. खिडकीत, मोटारसायकलच्या डिकीजवळ, शाळेच्या टेबलावर. मी एका ठिकाणी अशी बरणी पाहिली आहे, आत कवड्या, खिडकीच्या कट्ट्यावर. सकाळी पोरं बघून गेली. दुपारी तो मेलेला होता आणि सगळ्यांचं म्हणणं, "पकडतानाच जखमी असेल." असेलही. शवविच्छेदन कोणी केलं नाही.

सर्पमित्रांवर खापर फोडायचं नाही मला. रात्री दोन वाजता स्वतःच्या पेट्रोलने जाऊन कोणाच्या तरी न्हाणीघरातून मण्यार काढणारा माणूस बरणी वापरतो कारण ती मिळते, तिचं झाकण पक्कं बसतं, आणि आत काय आहे ते दिसतं. विषारी सापाबाबत दिसणं ही चैन नव्हे. बरणीवर गडद कापड टाकलं, सावलीत ठेवली आणि साप तासा-दोन तासांत सोडला, तर तिच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार मुक्काम वाढतो तेव्हाची आहे. जखमी साप, किंवा मांडूळ. काळ्या बाजारातल्या गुप्तधनाच्या खुळापायी पकडलेली मांडुळं जप्त होतात आणि मग मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या परवानगीची वाट बघत पडून राहतात. त्यांना तर कुठलाही डबा उपडा ठेवून भागत नाही. मांडूळ मातीत शिरणारा साप, त्याचा आडोसा म्हणजे वीतभर भुसभुशीत, कोरडी माती. टाइल्सच्या फरशीवर ठेवलेलं मांडूळ कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं. लोक म्हणतात गरीब साप आहे, हलतसुद्धा नाही.

मग वऱ्हाडात आडोसा कशाचा करावा? काकाजींनी दुसऱ्या दिवशी घरून एक तडा गेलेला माठ आणला. मला त्यावर लगेच महाबलीपुरमजवळची इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था आठवली. १९७८ मध्ये सुरू झालेली ही संस्था विष काढण्यासाठी पकडलेले नाग, मण्यार, घोणस, फुरसे मातीच्या मडक्यांत ठेवते. मडक्यात वाळू, तोंडाला सुती कापड, मुक्काम साधारण तीन-चार आठवड्यांचा, मग सुटका. अंधार आहे, स्पर्श आहे, माती गार आहे. बरणीपेक्षा केव्हाही चांगलं. पण तोंड बांधलेलं मडकं हा आडोसा म्हणता येत नाही, कारण आडोशातून बाहेर पडता आलं पाहिजे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी पकडलेले नागही मडक्यांतच ठेवले जायचे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर त्या प्रथेवर निर्बंध आले. तेव्हा "मडकं ही आपली परंपरा, म्हणून चांगली" असं म्हणायला मी तयार नाही. मडक्याचं भौतिकशास्त्र चांगलं आहे, एवढंच.

ते भौतिकशास्त्र वऱ्हाडात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, कारण घराघरात कूलर आहे. ताटीवरून पाणी झिरपतं, कोरडी हवा ते उडवते, उडताना उष्णता घेऊन जाते. माठ तेच करतो, फक्त पंख्याशिवाय. आणि कूलरचं दुसरं अर्धंही सगळ्यांना माहीत आहे: पाऊस सुरू झाला की तो काही कामाचा राहत नाही, नुसती चिपचिप. हवाच दमट असली की पाणी उडत नाही. ओल्या मातीचा आडोसा जुलै-ऑगस्टात गार होत नाही, फक्त ओला राहतो, आणि सतत ओल्यात पडलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात, कातडी सडते. साप घरात निघण्याचं आणि केंद्रात येण्याचं प्रमाण नेमकं पावसाळ्यात वाढतं. म्हणजे मेचा उत्तम आडोसा ऑगस्टमध्ये आजार देऊ शकतो. परदेशी पुस्तकात हे सापडणार नाही, कारण ते लिहिणाऱ्याने कूलर वापरलेला नाही.

पावसाळ्यात मग कोरडे कवेलू. जुनी घरं पाडून स्लॅब टाकायचं काम गावोगाव चाललं आहे, कवेलू फुकट मिळतात. चार-पाच एकमेकांवर उलटसुलट रचले की वेगवेगळ्या जाडीच्या फटी तयार होतात आणि साप आपल्या अंगाच्या मापाची फट स्वतः शोधतो. पाली खाणाऱ्या कवड्यासाठी याहून ओळखीचं घर नाही. दुसरा पर्याय जाड पुठ्ठ्याचं खोकं. दिसायला दरिद्री, पण एक साप गेला की जाळून टाकता येतं, आणि गोचिड्या, बुरशी, जंतू पुढच्या सापाला वारशाने मिळत नाहीत. मातीच्या भांड्याचा मोठा दोष इथेच आहे, की त्याची छिद्रं गारवा देतात तशी घाणही धरून ठेवतात. प्लास्टिक धुता येतं, माठ नीट धुता येत नाही. ज्या डॉक्टरांनी मला माठ ठेवायला आधी नकार दिला त्यांचं म्हणणं हेच होतं, आणि ते बरोबर होतं. शेवटी एका सापाला एक भांडं, नंतर फोडून टाकायचं, यावर तडजोड झाली.

विषारी सापांसाठी अख्खा माठ चालत नाही हेही सांगायला हवं. आत साप कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते कळत नाही. त्याऐवजी बुड नसलेला आडोसा, म्हणजे उपडी कुंडी, काठाला फोडलेलं दार, आणि ती वरून लांब आकड्याने उचलता येईल अशी. काही ठिकाणी आडोशाला सरकतं दार असतं. साप आपणहून आत गेला की दार बाहेरून सरकवायचं, पिंजरा झाडून घ्यायचा, दार उघडायचं. साप हाताळावा लागतच नाही. आडोशाच्या चर्चेत सापाच्या कल्याणाबद्दल पानंच्या पानं येतात आणि रोज सकाळी झाडू घेऊन आत जाणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ येत नाही. बरा आडोसा हा काकाजींच्याही जिवाचा प्रश्न आहे.

(आणि हे वाचून कोणी घरात साप ठेवायचा विचार करत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. साप निघाला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.)

धामणीचं पुढे काय झालं? माठ पूर्वेच्या भिंतीशी आडवा ठेवला, भोवती ओलं पोतं गुंडाळलं. दुपारी बाराच्या नोंदीला ती आत होती. एकलाही. पाचला बाहेर. मला आनंद झाला आणि तो तासाभरात ओसरला, कारण घमेल्याच्या जागी माठ ठेवताना मी एकाच वेळी सामान बदललं होतं, रंग बदलला होता, जागा बदलली होती, दाराचा आकार बदलला होता, आणि तिला जखमेचं औषध सुरू होऊन एक दिवस जास्त झाला होता. यातल्या कशामुळे ती आत गेली? बोने यांच्या निबंधाला नावं ठेवणाऱ्या माझ्या नोंदवहीत एकही घटक वेगळा काढलेला नव्हता. काकाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "गेली ना आत? मंग?"

येत्या उन्हाळ्यासाठी परवानगीचा अर्ज केला आहे. घमेलं आणि कुंडी, दोन्ही सावलीत, एकाच भिंतीशी, सारख्याच दाराची, दोन्हींत तापमापक. आणि नोंदवहीच्या रकान्याचं नाव बदललं आहे. पूर्वी तिथे "स्वीकारला / नाकारला" असं होतं. आता "साप कुठे आहे" आणि "तिथे किती अंश" एवढंच आहे.